अर्धा लिटर डावीकडे, अर्धा लिटर उजवीकडे

धावताना पाणी बरोबर नेण्याची जी मोजकी साधने आज मिळतात, त्यांत अंगात घालायची बंडी, म्हणजे दुकानांत हायड्रेशन व्हेस्ट या नावाने विकली जाणारी वस्तू, सर्वांत महाग आणि सर्वांत रुबाबदार दिसणारी आहे. छातीच्या दोन्ही अंगांना अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या दोन मऊ बाटल्या, पाठीवर जाळीदार कापडाचा उथळ कप्पा, बरगड्यांच्या बाजूला खिसे आणि पुढे दोन आडवे पट्टे असे तिचे सर्वसाधारण रूप असते. उन्हाळ्यात आणि दमट हवेत लांब पल्ल्याच्या सरावासाठी ही बंडी मी बराच काळ वापरली आहे, तेव्हा निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. सव्वा-दीड तासाहून अधिक धावायचे असेल आणि वाटेत पाण्याची खात्री नसेल, तर ती पैसे वसूल करते. तासाभराच्या आतल्या धावेसाठी तिची गरज नाही. तिचा मोठा गुण मात्र जाहिरातीत लिहिलेला नसतो. आपल्या पोटात नेमके किती पाणी गेले हे ती न विसरता सांगते, आणि धावणाऱ्याला एरवी हीच गोष्ट कधी ठाऊक नसते.

आधी बांधणीविषयी. रिकामी बंडी सुमारे पाव किलोची आहे आणि दोन्ही बाटल्या भरल्यावर तिच्यात एक किलोची भर पडते. हे वजन पाठीवर न येता छातीवर दोन्हीकडे सारखे विभागले जात असल्यामुळे पहिल्या काही मिनिटांनंतर ते विशेष जाणवत नाही. जाणवते ते त्याचे हलणे. बंडी अंगाला घट्ट बसली नसेल तर प्रत्येक पावलागणिक बाटल्या बरगड्यांवर आपटतात, आणि फार घट्ट आवळली तर दम लागल्यावर छाती पूर्ण फुगत नाही. म्हणून पट्टे आवळताना श्वास पूर्ण आत घेऊन मगच ते ओढावेत. शिवाय पाणी संपत जाते तशी बंडी सैल पडते, त्यामुळे वाटेत एकदा तरी पट्टे पुन्हा ओढावे लागतात. या बंडीचे पट्टे चालत्या पावली एका हाताने ओढता येतात, ही तिच्या बाजूची गोष्ट. मानेजवळची शिवण मात्र जाड आहे. हासळीच्या हाडावर ती घासते, आणि घामाने भिजलेल्या कातडीवर दोन तास घासणारी शिवण काय करते हे लांब धावणाऱ्यांना सांगावे लागत नाही. तिथे आधीच व्हॅसलीन चोळून घेणे हा उपाय आहे, पण तो ग्राहकाने का करावा, असा प्रश्न पडतोच.

स्त्रियांसाठी वेगळी बांधणी मिळते. तीत बाटल्यांचे खिसे थोडे खाली, बरगड्यांकडे सरकवलेले असतात. सर्वांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बंडीत बाटल्या नेमक्या नको त्या उंचीवर येतात, अशी तक्रार बरोबर धावणाऱ्या मैत्रिणींकडून वारंवार ऐकली आहे, आणि ती रास्त आहे.

दुसरा दोष उष्णतेचा. घाम शरीराला गार करतो तो वाहून नव्हे, तर वाळून. एक लिटर घाम कातडीवरून वाफ होऊन उडाला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर नेतो. तोच घाम ठिबकून जमिनीवर पडला तर शरीराच्या पदरात काहीच पडत नाही. पाठीचा मोठा भाग बंडीखाली झाकला गेला की तिथला घाम वाळण्याऐवजी कापडात मुरतो. उत्पादकाने जाळी बरीच विरळ ठेवली आहे आणि तिचा उपयोगही होतो, पण दमट दिवशी पाठ भिजलेलीच राहते. पाणी नेण्यासाठी घातलेले साधन घामाचेच काम काही अंशी अडवते, हा विरोधाभास कोणत्याच बंडीला पूर्णपणे टाळता आलेला नाही. म्हणूनच छोट्या धावेला ती घालू नये, असे माझे मत आहे.

आता बाटल्या, कारण खरे गाडे तिथे आहे. त्या थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन या मऊ आणि लवचिक पदार्थाच्या असतात. पाणी संपेल तशी बाटली आक्रसत जाते, त्यामुळे आत हवा शिरत नाही आणि पाणी हिंदकळत नाही. ताठ बाटली अर्धी रिकामी झाली की प्रत्येक पावलाला जो खळखळाट सुरू होतो, तो इथे ऐकू येत नाही. अट एकच आहे, भरल्यावर आत राहिलेली हवा काढून टाकली पाहिजे. झाकण लावल्यावर बाटली उभी धरावी, तोटी दातांत हलकेच दाबून आतली हवा ओढून घ्यावी आणि पाण्याचा पहिला थेंब जिभेला लागला की थांबावे. हे दहा सेकंदांचे काम न केल्यामुळे अनेकांनी या बाटल्या आवाज करतात असे म्हणून त्यांना नावे ठेवलेली पाहिली आहेत.

तोटी सिलिकॉनची आहे. तिच्या टोकाला नखाएवढी बारीक चीर असते. दातांनी दाबले की चीर उघडते, सोडले की मिटते. घोट घेण्यासाठी बाटली खिशातून काढावी लागत नाही, मान किंचित खाली वळवली की पुरते, आणि धावण्याची लय मोडत नाही. मला या बंडीत सर्वांत आवडलेली गोष्ट हीच, कारण लहान घोट वारंवार घेणे तिच्यामुळे सहज जमते. वाटेतल्या टेबलावरचा पेला उचलणारा धावक बहुधा तो संपवूनच टाकतो आणि मग पुढचा अर्धा किलोमीटर पोटात पाणी डचमळत ठेवून धावतो. तोटीतून एका वेळी फार पाणी येत नाही. हा दोष म्हणून सांगितला जातो, मला तो गुण वाटतो.

बाटली पुन्हा भरणे मात्र कटकटीचे आहे. मऊ बाटलीला स्वतःचा आकार नसल्याने ती नळाखाली धरली की मधेच वाकते आणि निम्मे पाणी मनगटावर सांडते. तोंडाजवळच्या कडक कड्याला दोन बोटांनी धरून, तळ मोकळा लोंबता ठेवून भरली तर ती नीट फुगते. रुंद तोंडाची बाटली घ्यावी, अरुंद तोंडाच्या बाटलीत इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या क्षारांची, गोळी टाकायची तर तिचे दोन तुकडे करावे लागतात. झाकणाचे आटे घाईत तिरके बसले तर बाटली गळते, आणि ते लगेच कळत नाही, कारण छाती घामाने आधीच ओली असते. भरलेली टम्म बाटली खिशात परत सरकवणे ही आणखी एक कसरत. त्यासाठी आधी छातीवरचा पट्टा सैल करावा, खिशाची कड एका हाताने वर ओढून धरावी आणि मग बाटली आत सोडावी. शर्यतीत हे सारे करताना मिनिटभर सहज जाते. ज्यांना मिनिटाची किंमत आहे त्यांनी घरी सराव करून ठेवावा.

एक लिटर पाणी पुरते का, या प्रश्नाचे उत्तर बंडीकडे नाही. ते वजनकाट्याकडे आहे. धावण्याआधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. धावून आल्यावर घाम पुसून तसेच पुन्हा करावे. वजनातली घट अधिक वाटेत प्यायलेले पाणी म्हणजे गेलेला घाम, असा साधा हिशेब आहे, कारण एक किलो घट म्हणजे जवळजवळ एक लिटर पाणी. समजा, साठ किलो वजनाची व्यक्ती दीड तास धावली, वाटेत अर्धा लिटर प्यायली आणि परत आल्यावर वजन ५९.१ किलो भरले. तर घाम गेला १.४ लिटर, म्हणजे तासाला सुमारे ९३० मिलिलिटर. हीच व्यक्ती त्याच हवेत, त्याच वेगाने तीन तास धावली तर साधारण २.८ लिटर घाम जाईल. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून अधिक घट होऊ देऊ नये, असा सर्वसाधारण सल्ला असतो. साठ किलोंना ही मर्यादा १.२ किलोंची. म्हणजे तीन तासांत १.६ लिटर प्यावे लागेल आणि बंडीतला एक लिटर दोन तासांच्या थोडा आधीच संपेल. तेवढ्यात एकदा तरी भरून घेण्याची सोय हवी, नाहीतर पाठीच्या कप्प्यात जास्तीचे पाणी हवे. थंड हवेत, सावकाश धावताना हाच घाम निम्म्यावर येऊ शकतो आणि मग दुसरी बाटली भरलेलीच परत येते. माणसामाणसांत, ऋतूऋतूंत आणि वेगावेगांत हा आकडा इतका बदलतो की दुसऱ्याचा आकडा घेऊन आपली बाटली भरण्यात अर्थ नाही. उन्हाची सवय नसलेला धावक दहा-चौदा दिवस रोज उन्हात धावला की त्याचे शरीर बदलते, घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो आणि त्यातले मीठ कमी होते. त्यामुळे हे मोजमाप ऋतू बदलला की नव्याने करावे लागते.

बंडीचा खरा उपयोग मला इथे दिसला. घरी परतल्यावर डाव्या बाटलीत किती उरले आणि उजवीत किती हे समोर दिसते, त्यामुळे वरचा हिशेब अंदाजाने न करता मोजून करता येतो. बाटलीवर मापाच्या रेघा आहेत. त्या खिशात असताना दिसत नाहीत हे खरे, पण बाहेरून हात लावला तरी बाटली किती आक्रसली आहे हे बोटांना कळते.

बंडीबरोबर आलेल्या छापील पत्रकाने मात्र माझी घोर निराशा केली. त्यात दर पंधरा मिनिटांनी पाव लिटर प्या आणि तहान लागण्याची वाट पाहू नका, असे ठळक अक्षरांत छापले आहे. याचा अर्थ तासाला एक लिटर. वर ज्या साठ किलोंच्या धावकाचा हिशेब केला, त्याच्या घामापेक्षाही हे अधिक आहे. सावकाश धावणाऱ्या हलक्या व्यक्तीच्या बाबतीत तर ते घामाच्या दुप्पट होऊ शकते. हा सल्ला आकाशातून पडलेला नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेच्या १९९६ च्या मार्गदर्शनाचा सूर पोट सहन करील तितके प्या, असाच होता. २००७ मध्ये त्याच संस्थेने तो बदलला. सर्वांना एकच माप लावण्याऐवजी प्रत्येकाने आपला घाम मोजून प्यावे, दोन टक्क्यांहून अधिक घट टाळावी आणि धावून आल्यावर वजन वाढलेले मुळीच नसावे, अशी भूमिका तिने घेतली. पत्रक छापणाऱ्यांपर्यंत ती अजून पोहोचलेली दिसत नाही, किंवा पोहोचूनही बाटल्या विकायच्या असल्यामुळे ती सोयीस्करपणे बाजूला ठेवली गेली असावी.

जास्त पाणी प्यायल्याने काय होते हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण कमी पाण्याची भीती सर्वांना असते आणि जास्त पाण्याची जवळजवळ कोणालाच नसते. रक्तात सोडियमचे, म्हणजे मिठातल्या मुख्य घटकाचे, प्रमाण साधारणपणे लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल (हे रसायनशास्त्रातले मोजण्याचे एकक) असते. घामापेक्षा जास्त पाणी पोटात जात राहिले आणि मूत्रपिंडांनी ते वेळेवर बाहेर टाकले नाही, तर रक्त पातळ होऊन हे प्रमाण घसरते. लांब श्रमात पाणी धरून ठेवणारे संप्रेरक वाढलेले असल्यामुळे मूत्रपिंडे नेमकी त्याच वेळी हात आखडता घेतात. मग पाणी पेशींत शिरते, मेंदूला सूज येते. मळमळ, डोकेदुखी, बोटांवर सूज, गोंधळल्यासारखे वागणे ही सुरुवातीची लक्षणे, आणि वेळीच ओळखले नाही तर झटके येऊन प्राणही जाऊ शकतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये अंतिम रेषेवर ४८८ धावकांचे रक्त तपासले गेले. त्यांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम १३५ किंवा त्याहून कमी आढळले आणि तिघांच्या रक्तात ते १२० किंवा त्याच्याही खाली गेलेले होते. ज्यांचे वजन शर्यतीत वाढले होते आणि ज्यांना चार तासांहून अधिक वेळ लागला होता, त्यांच्यात हे प्रमाण जास्त होते. म्हणजे धोका पुढे पळणाऱ्यांपेक्षा मागून सावकाश येणाऱ्यांना, ज्यांना प्यायला वेळही भरपूर मिळतो. या बंड्या विकत घेणारे आपण बहुतेक याच गटातले.

दुसऱ्या टोकाचे उदाहरणही आहे. इथिओपियाचा नामवंत धावपटू हैले गेब्रसेलासी याने २००९ ची दुबई मॅरेथॉन जिंकली तेव्हा त्याच्या वजनात जवळजवळ दहा टक्के घट झाल्याची नोंद संशोधकांनी केली आहे. यावरून कोणी पाणी सोडून देऊ नये. मात्र दोन टक्क्यांची रेघ ओलांडली की धावक कोसळतोच, असेही नाही, एवढे त्यातून दिसते. माझ्यासारख्या सामान्य धावकाने तहानेला मान द्यावा आणि कडक उन्हात, दोन तासांपलीकडे गेल्यावर काट्यावरच्या हिशेबाचीही मदत घ्यावी. बंडीच्या तोटीमुळे तहानेप्रमाणे पिणे सोपे होते, कारण तहान लागेल त्या क्षणी पाणी हनुवटीखाली असते. पाच किलोमीटरवरच्या टेबलाची वाट पाहावी लागत नाही आणि पुढचे टेबल दूर आहे म्हणून आताच जास्त पिऊन घेण्याचा मोहही होत नाही.

बाटल्यांत काय भरावे यावर बरीच मते ऐकू येतात. घामातल्या सोडियमचे प्रमाण व्यक्तीगणिक बदलते, ढोबळमानाने लिटरमागे अर्ध्या ग्रॅमपासून पावणेदोन ग्रॅमपर्यंत. धाव संपल्यावर बंडीचे काळे पट्टे वाळले की त्यांवर पांढऱ्या, खरखरीत रेघा उमटतात. ज्यांच्या पट्ट्यांवर त्या दाट असतात त्यांचा घाम खारट असे समजायला हरकत नाही, जरी हे काही मोजमाप नव्हे. खेळाडूंसाठीचे तयार पेय १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या फुटबॉल संघासाठी बनवले, तेच पुढे गेटोरेड म्हणून प्रसिद्ध झाले. अशा पेयांत साखर साधारण सहा टक्के आणि सोडियम लिटरमागे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असते. साखर आणि मीठ एकत्र असण्याला कारण आहे. लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत ओढले जातात आणि त्यांच्यामागून पाणी जाते. अतिसारात दिल्या जाणाऱ्या क्षारसंजीवनीचे तत्त्वही हेच. तिच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात सोडियम लिटरमागे ७५ मिलिमोल, म्हणजे सुमारे पावणेदोन ग्रॅम, तयार पेयाच्या तिपटीहून अधिक असते आणि साखर बरीच कमी. पेयात साखर आठ टक्क्यांच्या पुढे गेली की ते पोटातून सावकाश पुढे सरकते आणि पोट जड होते. म्हणून घट्ट गोड पेय भरणाऱ्यांना उन्हात मळमळले तर नवल नाही.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तयार पेय पाण्यापेक्षा खारट असले तरी बहुतेकांच्या घामापेक्षा आणि रक्तापेक्षा ते पुष्कळ अळणी असते. त्यामुळे ते अति प्यायले तर रक्तातले सोडियम उतरतेच. बोस्टनच्या त्या तपासणीतही कोणते पेय घेतले याने फरक पडल्याचे दिसले नाही, किती घेतले याने पडला. म्हणून डाव्या बाटलीत साधे पाणी आणि उजवीत क्षारांचे पेय ही विभागणी मला सर्वांत सोयीची वाटते. साधे पाणी तहानेला, चूळ भरायला आणि डोक्यावर ओतायला उपयोगी पडते. गोड पेय डोक्यावर ओतण्याची वेळ आलेल्याला हे पटवून द्यावे लागणार नाही.

बंडीच्या खांद्याजवळ गोळ्यांसाठी म्हणून चिमुकला कप्पा शिवला आहे. क्षारांच्या गोळ्या ठेवायला तो ठीक आहे. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या बरोबर घेऊन वाटेत त्या खाण्याची पद्धत मात्र वाईट, कारण त्या मूत्रपिंडांच्या कामात अडथळा आणतात आणि वर सांगितलेला सोडियम घसरण्याचा धोका वाढवतात.

धावण्यापूर्वीच्या पाण्याबाबत बंडी काहीच करू शकत नाही, आणि तिथेच अनेकांचे गणित चुकते. २००७ च्या त्याच मार्गदर्शनानुसार, सुरुवातीच्या किमान चार तास आधी शरीराच्या दर किलो वजनामागे ५ ते ७ मिलिलिटर पाणी घ्यावे, म्हणजे साठ किलोंना ३०० ते ४२० मिलिलिटर. लघवी झाली नाही किंवा ती गडद रंगाची झाली, तर दोन तास आधी आणखी ३ ते ५ मिलिलिटर दर किलोमागे सावकाश प्यावे. भल्या पहाटे धावणाऱ्याने यासाठी मध्यरात्री उठावे, असे कोणी म्हणणार नाही. त्याने आदल्या संध्याकाळपासून जेवणाबरोबर नीट पाणी प्यावे, झोपण्यापूर्वी लघवीचा रंग फिकट आहे ना ते पाहावे आणि उठल्यावर थोडेच घ्यावे. सुरुवातीच्या रेषेवर उभे राहून बंडीतली एक बाटली आत्ताच रिचवणारे धावक नेहमी दिसतात. ते पाणी घामाला उपयोगी पडण्याआधीच झुडपाआड जाण्याची वेळ आणते.

इतर साधनांशी तुलना थोडक्यात करतो. हातात धरायची बाटली स्वस्त आणि धुवायला सोपी, पण एका हाताला अर्धा किलो वजन घेऊन तासभर धावले की खांदे वाकडे पडतात. ती तासा-सव्वातासाच्या धावेलाच बरी. कमरेचा पट्टा पाठ मोकळी ठेवतो, मात्र तो वर सरकत पोटावर येतो आणि एकदा आला की दर पाच मिनिटांनी खाली ओढावा लागतो. पाठीवरची दीड-दोन लिटरची पिशवी आणि तिची नळी डोंगरवाटांसाठी चांगली, परंतु तिच्यात किती उरले हे अजिबात कळत नाही. नळीतून हवा आली की पाणी संपले, एवढीच सूचना मिळते. ज्या गुणासाठी मी ही बंडी पसंत करतो, तोच तिथे नाही. लांब पल्ल्याच्या डोंगरी शर्यतींत बंडीला पर्याय जवळजवळ नाहीच. आल्प्समधल्या यूटीएमबी या प्रसिद्ध डोंगरी शर्यतीत प्रत्येकाने किमान एक लिटर पाण्याची सोय बरोबर बाळगणे सक्तीचे आहे आणि दोन बाटल्यांची बंडी ते माप बरोबर पूर्ण करते. याउलट, सडकेवरच्या मॅरेथॉनमध्ये साधारण पाच-पाच किलोमीटरवर पेयांची टेबले असतात. तिथे बंडी घालून धावणे म्हणजे एक किलो ओझे विनाकारण वाहणे. केनियाचा धावपटू एलिउड किपचोगे याने २०१८ मध्ये बर्लिनला मॅरेथॉनचा २ तास १ मिनिट ३९ सेकंदांचा तेव्हाचा जागतिक विक्रम केला, तेव्हा त्याच्या बाटल्या सायकलवरून पुढे जाऊन हातात देणारा एक स्वयंसेवक होता. आपल्याला असा माणूस मिळणार नाही, पण टेबलांवरचे पेले आपल्यासाठीही मांडलेले असतात.

निगा राखण्याचे काम विकत घेण्याआधी विचारात घ्यावे. गोड पेय भरलेली बाटली रात्रभर तशीच राहिली तर दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो आणि आठवडाभरात तोटीच्या चिरेत काळी बुरशी धरते. धावून आल्याबरोबर कोमट पाण्याने बाटली खळबळून घ्यावी, तोटी उपसून वेगळी धुवावी आणि बाटलीत एखादी लांब दांडी उभी खोचून ती उघडी निथळत ठेवावी, म्हणजे तिच्या भिंती एकमेकींना चिकटत नाहीत. काही जण रिकामी बाटली फ्रीझरमध्येच ठेवतात. तिथे बुरशी वाढत नाही, म्हणून हाही मार्ग चांगला. नव्या बाटलीला येणारा प्लास्टिकचा वास खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवल्यावर बराच उतरतो. बंडी मात्र यंत्रात न धुता हाताने, थंड पाण्यात धुवावी, नाहीतर पट्ट्यांची लवचिकता लवकर जाते.

टिकाऊपणाबाबत बोलायचे तर कापड आणि शिवण अजून शाबूत आहेत, बाटल्या तितक्या टिकत नाहीत. एक बाटली तळाच्या जोडाशी पाझरू लागली आणि दुसरीची तोटी दातांनी चिरली. तोटी स्वतंत्र मिळेल का, असे विक्रेत्याला विचारले तेव्हा ती पूर्ण बाटलीसोबतच घ्यावी लागेल, असे उत्तर मिळाले. मुख्य घिसाई जिथे होणार हे आधीच माहीत असलेला भाग सुटा न विकणे मला पटत नाही, आणि या बंडीला मी पाचपैकी साडेतीनच गुण देतो त्याचे, जाड शिवणीखालोखाल, हेच कारण आहे. सुदैवाने बाटल्यांच्या तोंडांची मापे ठरावीक असतात, बहुतेक २८ किंवा ४२ मिलिमीटर, त्यामुळे त्याच मापाची दुसऱ्या कंपनीची तोटी बसू शकते. बंडी निवडताना हे माप पाहून ठेवावे. तिचा आकार उंचीवरून न ठरवता छातीच्या घेरावरून ठरवावा आणि दुकानात ती रिकामी घालून पाहण्याऐवजी दोन्ही बाटल्या भरून मागाव्यात. बाटल्या भरून द्यायला जो विक्रेता कुरकुर करील, त्याच्याकडून घेऊ नये.